कम्युनिटी कॉलेजात क्लब चालवावा का? माझं मत: सभासद व्हा, पदाधिकारी होऊ नका

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियात बारावीनंतर थेट युनिव्हर्सिटीत न जाता आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर घ्यायची, हा मार्ग आता आपल्या लोकांतही रुळलाय. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिटला (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट) ४६ डॉलर पडतात, त्यामुळे पैशाचा हिशेब तर सरळच आहे. पूर्वी "कम्युनिटीत घातलं का?" असं लोक जरा दबक्या आवाजात विचारायचे. तेही आता कमी झालंय.

माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या महिन्यात तिथे क्लब डे असतो. क्वाडमध्ये टेबलं, स्टिकर, फुकट बोबा. माझी मुलगी दुपारी कॉलेजातून आली ती एका क्लबची खजिनदार होऊन. निवडणूक कसली, तर "कोणाला हवंय?" असं विचारलं आणि बाकी सगळे मोबाइलकडे बघत होते.

आता जरा कॅलेंडर बघा. डी अँझा, फूटहिल ही इथली कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर चालतात. बारा आठवड्यांत सगळं संपतं, चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म. ट्रान्सफरला ९० क्वार्टर युनिटं लागतात. आणि यूसीचा अर्ज नोव्हेंबर संपता संपता जातो, तोही दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच क्वार्टरात. म्हणजे "दोन वर्षं क्लब चालवला" असं कुणीच लिहू शकत नाही. लिहायला हाती असतं ते एकच वर्ष, आणि त्यातलं निम्मं फॉर्म भरण्यात गेलेलं.

बरं, ते वाचतं तरी कोण? कॅल स्टेटला निबंध नसतो, ते ग्रेड आणि विषय बघतात. यूसीच्या सहा कॅम्पसांत (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) टॅग म्हणून प्रवेशाच्या हमीची सोय आहे. ती सगळ्याच विषयांना नाही, पण जिथे आहे तिथे ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) पुरतो. क्लबचा रकाना त्यात नाही. मग अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही बिनपगारी कारकुनी करायची कशासाठी? मीटिंगला जा, ओळखी करा, पिझ्झा खा, घरी या.

वाटसरू_सांगली

साफ असहमत. तुमची मुलगी संध्याकाळी घरी येते, जेवायला माणसं असतात. मी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आलो तेव्हा १२ युनिटं, बस आणि भाड्याची खोली एवढंच जग होतं. कम्युनिटी कॉलेजात बहुतेक ठिकाणी हॉस्टेल नसतं. तास संपला की वर्ग दोन मिनिटांत रिकामा, सगळे पार्किंगकडे. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं नाव क्वार्टर संपेपर्यंत कळत नाही. सांगलीत आमचं अर्धं इंजिनिअरिंग कॅन्टीनमध्ये झालं होतं, इथे कॅन्टीनमध्ये प्रत्येकजण हेडफोन लावून एकटा.

गणिताच्या क्लबमध्ये गेलो तिथे मल्टिव्हेरिएबलचे पार्टनर मिळाले. आणि नुसता सभासद असतो तर दोन मीटिंगांनंतर जायचं सोडलं असतं. खोलीची किल्ली माझ्याकडे होती म्हणून जावं लागायचं, आणि जावं लागायचं म्हणूनच मैत्री झाली.

बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. तिथे निबंध वाचतात. साडेतीनशे शब्दांचे चार. सात पर्यायांतला एक सरळ नेतृत्वावर आहे.

फ्रीमाँटकर

चारातला सक्तीचा प्रश्न कुठला, तेही सांगा की. निवडलेल्या विषयाची तयारी काय केली, हा. नेतृत्वाचा प्रश्न ऐच्छिक आहे, आणि त्यात क्लबच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. सेफवेमध्ये शिफ्ट सांभाळणारा मुलगाही त्यावर लिहू शकतो, घरी आजीचं औषधपाणी बघणारी मुलगीही.

एकटेपणाचा मुद्दा मान्य. पण किल्लीसाठी खजिनदार व्हावं लागत असेल तर दोष कॉलेजचा.

नऊवारी

फ्रीमाँटकरांना +१. माझ्या भाच्याने तर स्वतःचा क्लब काढला. ऑगस्टमध्ये कल्पना, ऑक्टोबरात घटना लिहून झाली (हो, क्लबला घटना लागते, उद्दिष्टं आणि कोरमसकट), जानेवारीत मंजुरी, मेमध्ये शेवटची मीटिंग. सभासद कोण, तर त्याचेच हायस्कूलचे मित्र.

आणि ते पीटीकेचं काय म्हणणं आहे लोकांचं? फाय थिटा कापा. ईमेल आलं, "अभिनंदन, तुमची निवड झाली", खाली फी भरायची लिंक. घरात पेढे वाटायचे बाकी होते.

मास्तर

बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजात शिकवतो, एका क्लबचा सल्लागारही आहे. नाव सांगत नाही.

पीटीके बोगस नाही हो. १९१८ पासूनची दोन वर्षांच्या कॉलेजांची ऑनर सोसायटी आहे, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या तिच्या सभासदांना ट्रान्सफर स्कॉलरशिप देतात. जिथे जायचंय तिथे ती मिळते का बघा आणि मगच फी भरा.

आता खजिनदारकी. समजा क्लबला दीडशे डॉलरचं सामान आणायचंय. आधी मीटिंगमध्ये ठराव, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासकट. तो मिनिट्समध्ये आला पाहिजे. मग मागणीपत्र, त्यावर खजिनदाराची सही, माझी सही, विद्यार्थी कार्यालयाची सही. पैसे कॉलेजच्याच खात्यात असतात, क्लबला बाहेर बँकेत खातं उघडता येत नाही. ठरावाच्या तारखेआधीची पावती चालत नाही. मुलं हमखास इथेच अडकतात: उत्साहात आदल्या दिवशी कॉस्टकोतून आणतात, आणि मग पैसे अडकतात ते अडकतातच. विद्यार्थी संघटनेकडून जादा निधी हवा असेल तर आणखी एक पायरी. संघटनेला राज्याचा ब्राउन ॲक्ट (सभा खुल्या आणि आधी जाहीर करून घेण्याचा कायदा) लागू आहे, १९५३ चा, नगरपालिकांना लागतो तोच. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लागला पाहिजे आणि त्यावर नसलेल्या विषयावर ठराव होत नाही. बुधवारच्या सभेसाठी सोमवारी सकाळी धावत आलेलं पोर रिकाम्या हाताने परत जातं.

फ्रीमाँटकर याला कारकुनी म्हणतात. आहेच. पण अठराव्या वर्षी सार्वजनिक पैशाला हात लावताना कागद कसा लागतो हे माझ्या कुठल्याही तासात शिकवलं जात नाही. आमच्या एका जुन्या खजिनदार मुलीने मला पावती परत केली होती. टिप वेगळी दाखवली नाही म्हणून! सल्लागाराची पावती. मी निमूटपणे दुसरी आणली.

एका बाबतीत मात्र फ्रीमाँटकर बरोबर आहेत. आधीच पाच कोर्स घेतलेल्या मुलाने अध्यक्ष होऊ नये. आमच्याकडे दर हिवाळ्यात असा एकजण कोसळतो. फिजिक्स सुटतं, क्लबही.

उशिरा_शिकणारी

एवढा वेळ सगळे अठरा वर्षांच्या मुलांबद्दल बोलताय म्हणून मध्ये पडते. मी चाळिशी ओलांडलेली, एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर) आले, आता अकाउंटिंगचे कोर्स करतेय. संध्याकाळच्या माझ्या वर्गात निम्मे लोक नोकरीवरून थेट येतात, एकाच्या अंगावर अजून ॲमेझॉनचं जॅकेट असतं. कम्युनिटी कॉलेजातले बहुसंख्य विद्यार्थी पार्ट-टाइम आहेत. आणि क्लबच्या मीटिंगा कधी? दुपारी साडेबाराला. वीस पावलांवर पार्किंग मिळालं तरी आम्हाला ते जमणार नाही.

विद्यार्थी संघटनेची फी मात्र आमच्याकडूनही घेतात.

एकदा रजा टाकून गेले होते. दारातल्या मुलीने अदबीने विचारलं, "आर यू द ॲडव्हायझर?" नाही म्हटल्यावर बिचारी इतकी ओशाळली की मलाच तिला समजवावं लागलं. पुढे त्याच क्लबने महिन्यातली एक मीटिंग रात्री झूमवर घ्यायला सुरुवात केली. त्यात मी जाते, आणि कर भरणा शिबिरात मुलांबरोबर बसून लोकांचे रिटर्नही भरते. पदाधिकारी व्हायला आवडलं असतं. पण घटनेत लिहिलंय, पदाधिकारी साडेबाराच्या बैठकीला हजर पाहिजेत. चालवावा की नाही हा वाद ज्यांना दुपार मोकळी आहे त्यांचा.

पुणेरी_बाकडं

लेखकाने पुण्यात कॉलेज केलेलं दिसत नाही. पुरुषोत्तमच्या तालमीला रात्री बारापर्यंत थांबलेल्यांना कुणी ट्रान्सफरसाठी गुण दिले नव्हते. १९६३ पासून पोरं एकांकिका करतायत, घरचे ओरडतायत, चाललंय. "कोण वाचतं" हा प्रश्न विचारून कॉलेजात कुणी काही केलंच नसतं. सगळंच अर्जासाठी करायचं तर मुलीला मैत्रिणीही जीपीए बघून करायला सांगा.

फ्रीमाँटकर

टोमणा पोचला. मीही फर्ग्युसनचाच, बॅकस्टेजला खिळे ठोकलेत. पण तुलना चुकतेय. तिथे पोरं पाच-पाच वर्षं कॉलेजात असायची, सिनियर ज्युनियरला हाताला धरून शिकवायचा, आणि पास झालेलेही तालमीला येऊन बसायचे. इथे शिकवणारा सिनियर जूनमध्ये डेव्हिसला गेला की गेला. मुलीच्या क्लबचा डिस्कॉर्ड सर्व्हर दोन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षाच्या नावावर आहे. तो आता सॅन डिएगोत, मेसेजला उत्तर देत नाही. नव्या लोकांना चॅनेलसुद्धा उघडता येत नाही. गूगल ड्राइव्हची तीच गत. आधीच्या वर्षीची घटना, हिशेब, पोस्टर सगळं कुणाच्या तरी खासगी खात्यात. म्हणून दर सप्टेंबरला शून्यातून. मास्तर म्हणतात तसं शिकायला मिळतही असेल, पण दरवर्षी तोच धडा गिरवायचा आणि क्लब तिथल्या तिथे.

वाटसरू_सांगली

हा मात्र बिनतोड मुद्दा आहे. आम्ही क्लबच्या नावाने वेगळं ईमेल काढलं होतं आणि पासवर्ड सल्लागार बाईंकडे पाकिटात ठेवला होता. निवडणूकही मेमध्ये न घेता फेब्रुवारीत घ्यायचो. नवा अध्यक्ष वसंत क्वार्टरभर जुन्याच्या मागे फिरायचा, सगळ्या सह्या कुठे होतात ते बघायचा. क्लब अजून चालू आहे. मला तिथलं आता कुणी ओळखत नाही, याचं थोडं वाईटही वाटतं.

नऊवारी

मास्तर, क्लबपेक्षा मेसा, पुएंतेसारखे ट्रान्सफरला मदत करणारे कार्यक्रम बरे नाहीत का? तिथे पगारी माणूस असतो, खोली असते, समुपदेशक असतो.

मास्तर

ज्यांना मिळतात त्यांनी जरूर घ्यावेत. पुएंते तर इथलंच, १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झालं, आणि ट्रान्सफरच्या बाबतीत क्लबपेक्षा कितीतरी उपयोगी. पण त्यांना पात्रतेच्या अटी आहेत आणि जागा मर्यादित. क्लबला कुणीही येतं. शिवाय तिथे मोठी माणसं मुलांसाठी काहीतरी चालवतात. क्लब मुलंच चालवतात, वाईट का होईना. माझ्या लेखी फरक तोच आहे.

उशिरा_शिकणारी यांचा मुद्दा मात्र कुणी उचललाच नाही. घटनादुरुस्ती अवघड नसते. सभासदांच्या मीटिंगमध्ये मांडा, मत घ्या, सल्लागाराच्या सहीने कार्यालयात द्या. "हजर" या शब्दापुढे "किंवा झूमवर" एवढंच घालायचंय.

उशिरा_शिकणारी

मांडते पुढच्या मीटिंगला. अनुमोदक शोधावा लागेल, तो जॅकेटवाला चालेल.

पुणेरी_बाकडं

अवांतर: दिवाळीला टेबल लावून घरच्या चकल्या विकता येतात का?

मास्तर

आमच्या कॉलेजात नाही. घरी केलेलं विकायला परवानगी नाही, दुकानातलं सीलबंद चालतं. आणि खाद्यपदार्थांचा फॉर्म आधी द्यावा लागतो, त्यावर पुन्हा माझीच सही. फ्रीमाँटकर, तुमच्या खजिनदारबाईंना सांगा: ठराव आधी, चकल्या नंतर.