चाकणच्या नोकरीचा पश्चात्ताप होतो आहे. जळगावला परत जावे का?

प्रश्न (धरणगावकर)

सर्वांना नमस्कार. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर मी जळगावच्या एमआयडीसीतील पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आठ वर्षे सात महिने काम केले. रोज सकाळी धरणगावहून रेल्वेने जायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, असा क्रम होता. सलग दोन वर्षे पगारवाढ झाली नाही आणि विभागप्रमुखाची जागा माझ्यानंतर लागलेल्या सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा मन उडाले. गेल्या जूनमध्ये चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत रुजू झालो. पगार 34,000 वरून 48,000 झाला.

आता सात महिने झाले आहेत आणि आपली चूक झाली असे रोज वाटते. वाढलेल्या 14,000 रुपयांपैकी सुमारे 8,500 खोली आणि खानावळीत, तर 2,500 महिन्यातून दोनदा घरी येण्याजाण्यात जातात. पैशापेक्षा कामाचे दुःख अधिक आहे. जळगावला पाइप ठरावीक दाबाखाली पाण्याने भरून तपासणे, भिंतीची जाडी मोजणे, आणि कुठे पाइप फुटल्याची तक्रार आली तर थेट त्या शेतावर जाणे, हे माझे काम होते. पारोळ्याकडील एका शेतात पाइप वारंवार फुटत होता. दोष मालाचा नसून पंप एकदम बंद झाल्यावर उलट येणाऱ्या पाण्याच्या धक्क्याचा आहे, हे मी चरात उतरून शोधले होते. येथे मी दिवसभर संगणकावर आठ-डी अहवाल, म्हणजे दोषाचे कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे अहवाल, भरतो. ज्या भागाबद्दल लिहितो, तो भाग गाडीत कुठे बसतो हेही मी पाहिलेले नाही. पाळ्या दर आठवड्याला बदलतात. आई फोनवर विचारते, “तुले तठे गमस का रे भाऊ?” (तुला तिथे करमते का?) आणि मला उत्तर देता येत नाही.

दिवाळीत जुन्या व्यवस्थापकांचा फोन आला होता. “परत यायचे असेल तर बघू,” एवढेच ते म्हणाले. लगेच परतावे, की येथे तग धरावा?

उत्तर (तापीकाठ, जळगाव)

मी याच व्यवसायात बावीस वर्षे उत्पादन विभागात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्हाला पश्चात्ताप होतो आहे तो जळगावचा कारखाना सोडल्याचा नाही, तर चरात उतरून कारण शोधण्याचे काम सुटल्याचा आहे, असे मला वाटते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर तुम्ही पुन्हा त्याच खुर्चीसमोर जाऊन उभे राहाल. ज्या कारणांनी तुम्ही बाहेर पडलात, म्हणजे थांबलेली पगारवाढ आणि हुकलेली बढती, त्यांतले आज काय बदलले आहे? तुमच्यानंतर आलेला सहकारी अजूनही विभागप्रमुख असेल, आणि परत आल्यावर तुम्हाला त्याच्याच सहीने रजा घ्यावी लागेल. मी स्वतः एकदा असा परतलो होतो. पहिले दोन महिने सर्वांनी प्रेमाने वागवले, पण नंतर प्रत्येक बैठकीत “हे तर सोडून गेले होते” हा भाव जाणवत राहिला, आणि दीड वर्षात मी पुन्हा बाहेर पडलो. सर्वांचेच असे होते असे नाही, परंतु “बघू” या शब्दावर राजीनामा देऊ नका. पद, पगार आणि तुम्ही कोणाच्या हाताखाली काम कराल, या तिन्ही गोष्टी नेमणूकपत्रात लिहून मागा.

शिवाय जळगाव म्हणजे तो एकच कारखाना नव्हे. पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया बनवणारे अनेक लहानमोठे कारखाने येथे आहेत. ज्यांच्या पाइपवर आयएस 4985 या भारतीय मानकाचे चिन्ह असते किंवा ठिबकच्या नळ्यांवर आयएस 13488 चे असते, त्यांना भारतीय मानक ब्यूरोचा परवाना टिकवण्यासाठी ठरलेल्या चाचण्या नियमित कराव्या लागतात आणि त्यांच्या नोंदी दाखवाव्या लागतात. लहान कारखान्यात चाचणी करणारा मिळतो. नोंदी चोख ठेवणारा आणि तक्रारीच्या मुळाशी जाणारा सहसा मिळत नाही. चाकणला तुम्ही जे कंटाळवाणे अहवाल लिहीत आहात, नेमकी तीच शिस्त अशा ठिकाणी तुमची किंमत वाढवील. आणखी एक गोष्ट म्हणजे फेब्रुवारी ते जून हा पाइपचा हंगाम असतो. पावसाळ्यापूर्वी मागणी चढते, तेव्हा अनुभवी माणसाची निकड सर्वांनाच असते. बोलणी करायची तर आताच करा. पावसाळा लागल्यावर हेच मालक वर्षभर थांबायला सांगतील.

उत्तर (लेखापाल, धुळे)

नोकरी बदलणाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची प्रकरणे मी हाताळतो, त्यामुळे फक्त हिशोबाविषयी लिहितो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळाली का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाच वर्षांहून अधिक सलग सेवा झाल्याने तुमचा तो हक्क आहे. शेवटच्या वर्षातील सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने तुमची सेवा नऊ वर्षे मोजली जाते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 17,000 रुपये असतील असे धरले, तर 17,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 9 म्हणजे सुमारे 88,000 रुपये होतात. तुम्ही अर्ज केला नसला तरी कंपनीची जबाबदारी टळत नाही. जुन्याच कंपनीत परतलात तर ही रक्कम आधी पदरात पाडून घ्या, कारण कायम नोकरीत पुढची सेवा सामान्यतः नव्याने मोजली जाईल.

दुसरे म्हणजे जुना भविष्य निर्वाह निधी काढू नका. तो नव्या खात्यात हस्तांतरित करा. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि तुमची जुनी व नवी सेवा जोडली तर नऊ वर्षांच्या पुढे जाते. या टप्प्यावर निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घेतले तर ती सारी वर्षे हातची जातील. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख संकेतस्थळावर नोंदवली आहे का, हेही पाहा. ती नसेल तर हस्तांतर अडते.

उत्तर (अमळनेरची वाचक)

वडीलकीच्या नात्याने एक विचारते, राग मानू नये. तुमच्या प्रश्नात आई आहे, व्यवस्थापक आहेत, पण घरच्या इतर माणसांचे मत कुठेच दिसत नाही. माझे यजमान सुरतेला गेले तेव्हा आम्ही दोघे ठरवून गेलो होतो, म्हणून पहिल्या वर्षीचे हाल निभावले. तुमचे लग्न झालेले असेल तर पत्नीला आधी विचारा. तिला चाकणला यायचे आहे का, की तुम्ही धरणगावला यावे असे तिला वाटते? त्या उत्तरावर तुमचा अर्धा निर्णय होईल. आणि पाळ्यांमुळे झोप बिघडली असेल तर मनाचा कौलही काही दिवस विश्वासाचा नसतो. चार दिवसांची रजा घेऊन घरी झोपा आणि मग ठरवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (धरणगावकर)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताई, तुमचे म्हणणे खरे आहे. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी धरणगावला आई-वडिलांसोबत असतात. मी काल रात्री प्रथमच पत्नीला स्पष्ट विचारले. चाकणला यायची तिची तयारी आहे, पण मला तेथे आनंद नसेल तर तिने कोणासाठी यायचे, असे ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ग्रॅच्युइटीचा अर्ज मी केलाच नव्हता. आज लिहून टपालाने पाठवला. भविष्य निर्वाह निधीत नोकरी सोडल्याची तारीख खरोखरच कोरी आहे, तीही नोंदवण्याची विनंती त्याच पत्रात केली आहे.

तापीकाठ दादा, तुम्ही म्हणता ते मला पटले, आणि थोडे लागलेही. विभागप्रमुखाची जागा हुकल्याचा राग मनात ठेवून मी त्याच दारात जाणार होतो. पुढच्या आठवड्यात चार दिवसांची रजा घेऊन येतो आहे. जुन्या व्यवस्थापकांना भेटेन, पण पद लेखी मिळाल्याशिवाय होकार देणार नाही. त्याआधी ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या दोन लहान कारखान्यांत माझी वही घेऊन जाईन. त्या वहीत आठ वर्षांत पाहिलेल्या प्रत्येक फुटलेल्या पाइपचे कारण मी लिहून ठेवले आहे. पगार 40,000 च्या आसपास मिळाला आणि शेतावर जाण्याचे काम असले, तर घरी राहून मला तो आजच्या पगाराहून जास्तच पडेल. चाकणचा राजीनामा मात्र नेमणूकपत्र हाती आल्यावरच देईन.