मदत हवी आहे: रत्नागिरीच्या गावांचे जुने जनगणना आकडे

नमस्कार मंडळी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा जवळपास ५ टक्क्यांनी घटली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. चाकरमानी मुंबईला जाणं गिरण्यांच्या काळापासूनचं, पण तेव्हा बायकामुलं गावीच राहायची, महिन्याला मनिऑर्डर यायची. आता अख्खं कुटुंबच विरार-डोंबिवलीला. आमच्या वाडीत कितीतरी घरांची कुलपं फक्त गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. त्यात जन्मदरही उतरलाय. घट स्थलांतराने किती आणि कमी जन्मांमुळे किती, हे मला गावागावांत ताडून बघायचंय. १९५१ ते १९८१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिका, गावनिहाय तक्त्यांसकट, कुठे बघायला मिळतील? शाळांच्या जुन्या पटसंख्याही चालतील. कुणी असं काम केलं असेल तर कृपया नक्की सांगा.