अंगठ्यांची गोष्ट सांगणारा साधू कोण होता?

मुळाकाठ: काल इथे एका लेखात वाचलं की इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड, त्याची रखेल अ‍ॅलिस पेरर्स मेलेल्या राजाच्या बोटांतल्या अंगठ्या ओढून पळाली, आणि 'अशा बायकांनीच राज्यं बुडवली'. डोकंच तडकलं. ही गोष्ट येते टॉमस वॉल्सिंगहॅमच्या बखरीतून. हा सेंट ऑल्बन्सच्या मठातला साधू, आणि त्या मठाचं ऑक्सीच्या जमिनीवरून अ‍ॅलिसशी भांडण होतं. त्याचा शब्द डोळे मिटून घ्यायचा? फ्रान्समधला मुलूख हातचा गेला होता, राजा थकला होता, युवराज मरणपंथाला लागला होता. राजाला बोल लावायची छाती कुणाला होती? म्हणून १३७६च्या संसदेनं बाई धरली.

जमाखर्च: साधू राहू द्या बाजूला. राणी फिलिपाच्या सेवेतली ही बाई. राणी १३६९मध्ये गेली आणि १३७३मध्ये तिचे दागिने राजानं हिला दिले. १३७५मध्ये 'सूर्याची स्वामिनी' म्हणून लंडनच्या स्मिथफील्डमधल्या घोडेस्वारांच्या झुंजींना मिरवत गेली. जमिनी पन्नासच्या घरात. त्या १३७६च्या संसदेत दुसऱ्यांच्या खटल्यांत राजदरबारी वजन वापरायला बायकांना बंदी झाली, त्यात हिचं एकटीचंच नाव. ते मठात ठरलं नव्हतं. साहेबांच्या मर्जीतल्या माणसानं माझी बढती अडवलेली आहे, त्यामुळे हा प्रकार मला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

मुळाकाठ: तुमची बढती अडली त्याचं वाईट वाटतं, पण त्याची शिक्षा अ‍ॅलिसला कशाला? त्याच संसदेत राजाचा दरबारी लॅटिमर आणि लंडनचा व्यापारी रिचर्ड लायन्स यांच्यावर खजिना लुटल्याचे आरोप झाले. शिव्या मात्र सहाशे वर्षं हिच्याच वाट्याला. तिच्या साधू-वैद्याला पकडायला सरदार लघवीच्या बाटल्या घेऊन रोगी बनून गेले. त्याच्यावर आरोप काय, तर राजाला जादूनं वश केलं! आणि संसदेचा म्होरक्या पीटर डि ला मेअर हा 'मार्चचा अर्ल' या बड्या सरदाराचा कारभारी. त्याला कुणाचीच बाजू नव्हती?

कृष्णाबाई: अंगठ्यांवर किती भांडाल? खरी चोरी पुढे आहे. राजा १३७७मध्ये गेला आणि वर्षअखेरीपर्यंत हिची मालमत्ता जप्त. मग शिक्षा मागे घेतली, पण जमिनी मिळाल्या नवऱ्याला, विल्यम विंडसरला. तो १३८४मध्ये मेला आणि त्याचा पुतण्या जॉन सगळं बळकावून बसला. माझ्या मावशीचं हुबेहूब हेच झालं. काका गेले आणि तेरावं व्हायच्या आत पुतणे तलाठ्याकडे. तिला कोऱ्या कागदावर सही करायला लावली. मावशी अजून तारखांना जाते, गुडघे गेले तरी.

जमाखर्च: ताई, इथे सातबारा कशाला? तुमच्या मावशीची जमीन कष्टाची. हिची राजाच्या पलंगावरून आलेली.

कृष्णाबाई: जिभेला आवर घाला! राजानं लढाईत गळे कापणाऱ्यांना जहागिऱ्या दिल्या, त्यांना तुम्ही शूर म्हणता. अ‍ॅलिसनं कित्येक जमिनी व्यवहार करून, विश्वस्तांच्या नावे घेऊन जमवल्या. कागदपत्रं कळणारी बाई होती. माझ्या मावशीला ते कळत असतं तर आज ती दुसऱ्याच्या ओसरीवर राहिली नसती.

मधला_आवाज: मूळ मुद्दा अंगठ्यांचा होता ना?

कृष्णाबाई: तुमच्या घरात विधवा नाही वाटतं कुणी. मुद्दा हाच आहे.

जमाखर्च: पलंगाचं लिहायला नको होतं, ठीक. अंगठ्याही सोडल्या, कारण साधूखेरीज माझ्याकडे साक्षीदार नाही. पण विंडसरशी लग्न लपवून राजाशी संसार करत होती, हे संसदेत उघड झालं तेव्हा राजानं शपथेवर सांगितलं की मला ठाऊक नव्हतं. ते कुठल्या खात्यात टाकू?

मुळाकाठ: राजाच्या. ज्याच्या शब्दावर सरकार चालायचं त्याला एवढंही ठाऊक नसेल, तर राज्य बुडवणारा कोण ते तुम्हीच सांगा.

कृष्णाबाई: १४००मध्ये केलेल्या मृत्युपत्रातही तिनं जॉननं दाबलेल्या जमिनी मुलींच्या नावे लिहून ठेवल्या. मावशीलाही मी तेच सांगितलंय. दावा सोडायचा नाही.