प्रति: रविवार सोडला तर फादरांना काम काय?
फादरांना (कॅथलिक धर्मगुरूंना) 'आठवड्यात एकच दिवस काम' असतं, हे मत पटलं नाही. आणि त्या एका दिवशीही हव्या तितक्या मिस्सा (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करून होणारी चर्चमधली मुख्य उपासना) करता येत नाहीत. नियम दिवसाला एक. फादर कमी असतील तर बिशपच्या (वरिष्ठ धर्मगुरूच्या) परवानगीने दोन, रविवारी फार तर तीन. म्हणून सातपुड्याकडच्या लांबच्या पाड्यावर शनिवारी संध्याकाळी गेलेलं सोयीचं. ती मिस्सा रविवारचीच धरतात, पण त्या तिनांत मोजत नाहीत. शिवाय दर रविवारची एक मिस्सा धर्मग्रामातल्या (आपल्या चर्चच्या हद्दीतल्या) लोकांसाठी, तिच्यासाठी कुणाकडून दान घेता येत नाही.

खानदेशातला उन्हाळा ही आणखी वेगळी कटकट. भुसावळकडे पारा 45 च्या घरात गेला की मिस्सेच्या द्राक्षारसाची (वाइनची) उघडी बाटली लवकर आंबते, आणि द्राक्षारसाचं व्हिनेगर झालं की तो मिस्सेला चालतच नाही. लहान बाटल्याच मागवाव्यात.