हब्बाकूक आणि खिशातले शेंगदाणे : कुणाचा विश्वास वाढताना पाहिलाय का?

शरणपूरची बाई
रविवारी उपासनेत पहिला पाठ वाचायला निफाडकडचा एक जण उठला. माझ्या शब्बाथशाळेतला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गातला. आठ वर्षांचा असताना खिशात शेंगदाणे घेऊन यायचा, टरफलं बाकाखाली. ह्याच्या कानात काही शिरत नाही असंच मी धरून चालले होते.

उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "हब्बाकूक, अध्याय 3." अहो, बायबलमधला संदेष्टा तो, हबक्कूक! मीच वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं. पाळकसाहेबांनी टोकलं तोवर ती पोरं मोठी होऊन गेलेली. पुढच्या बाकावर खुसखुस झाली, मी मान खाली घातली.

मग तो पुढे वाचायला लागला. द्राक्षवेलींना फळ नसलं, गोठ्यात गुरं नसली, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ह्याच्या बागेचं यंदा काय झालं ते अख्ख्या मंडळीला ठाऊक. काढणी तोंडावर आणि अवकाळी. मणी तडकले, व्यापारी फिरकला नाही. तरी त्याचा आवाज कुठे अडकला नाही. माझा अडकला असता.

बाहेर चपला घालताना म्हणतो, "बाई, तुम्हीच पाठ करून घेतलंत. शेंगदाणे जप्त करून." मला आठवतसुद्धा नाही! घरी येऊन कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या. खिमट झालं भाताचं.

तुमचं असं कुणी आहे का? लिहा.

गंगापूररोडकर
बाई 😄 आमच्या वर्गाला तुम्ही बायबलमधलं 'फिलिप्पैकर' म्हणताना तीनदा अडखळायचात. मी अजून तसंच म्हणतो.

नाशिकरोडची ताई
आम्ही कॅथलिक, धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. एक मुलगी फक्त भांडायला यायची. देव आहे तर माझे पप्पा का गेले? मला उत्तर येत नव्हतं, तसंच सांगितलं. मग आम्ही दोघी नुसत्या बसायचो. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेत ती भेटली, रांगेत एका रडणाऱ्या बाईचा हात धरून नुसती उभी. काही बोलत नव्हती. मी हाकही मारली नाही. (यात्रेत पार्किंगचं काही करा रे कुणीतरी.)

जुनं नाशिक
मी ख्रिस्ती नाही, पण बाईंच्या नावात आपल्या नाशिकचं शरणपूर दिसलं म्हणून. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या जेकब वेनराईटनं. गुलामगिरीतून सुटलेला मुलगा, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकलेला. पुढे 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदाही दिला. त्याला वाचायला कुणी शिकवलं असेल हो? त्या मास्तरांना कळलं तरी असेल का?

शरणपूरची बाई
दादा, हे वाचून काटा आला. त्यांचे उच्चार तरी बरोबर असतील.

नाव नको
माझा अनुभव उलटा. तरुण संघात ज्याच्यासाठी सर्वांत जास्त प्रार्थना केली तो आता चर्चची पायरी चढत नाही. दर नाताळला फोन मात्र करतो. करंज्या मागतो. मी देते.

नाशिकरोडची ताई
देत राहा गं. ❤️

आजीचा नातू
आजी लक्ष्मीबाई टिळकांचं फार सांगायची, जलालपूरच्या त्या, आपल्या नाशिकजवळच्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बाई पाच वर्षं वेगळी राहिली, मग स्वतःच्या पायानं आली. "ओढून कुणी येत नाही," हे आजीचं पालुपद. मला मात्र कान धरून न्यायची 😂

गंगापूररोडकर
विषयांतर, पण पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का? चर्चची भाता सोडतेय. रविवारी भजनात 'सा' लावला की नुसता दमेकरी खोकला.

आजीचा नातू
भद्रकालीत विचारा.

कॉलेजरोड
त्या निफाडवाल्यांकडे थोडी बरी द्राक्षं उरलीत का? आम्ही दोन पेट्या घेऊ. बाई, नंबर मला वेगळा पाठवा.

शरणपूरची बाई
विचारते. मनुके घालायचे म्हणत होता. आणि पेटीसाठी मी तीनशे देते.