रि: रि: शिबिराचं पत्रक, तिसरी ओळ, प्रिंटर थांबलाय

प्रेषक: सेक्रेटरी

मंडळी, आपण इथे अमेरिकेतून कोकणातल्या गावात भरवतोय त्या शिबिराच्या, पोटाच्या कॅन्सरवरच्या पत्रकासाठी कुडाळचा प्रिंटर उद्या तिथल्या सकाळी दहापर्यंतच थांबणार, मग त्याच्याकडे लग्नपत्रिकांची गर्दी आहे. बाकीच्या ओळींवर कोणाचं काही म्हणणं नाही, फक्त तिसरी: "सुके मासे खाऊ नका, पोटाचा कॅन्सर होतो." बचत गटाच्या बायकांनी ती वाचली आणि आता म्हणतायत शिबिराचं जेवण तुमचं तुम्ही करा. त्यांचा सुक्या मासळीचा स्टॉल मंडपाच्या दारातच आहे. ओळ ठेवायची की काढायची, हो किंवा नाही एवढंच लिहा, निबंध नकोत प्लीज.

प्रेषक: देवगडवाले काका

काढा. आणि लिहिली कोणी ते आधी कळू दे. माका एक सांगा, आमच्या आयेन जन्मभर पेजेबरोबर खारो बांगडो खाल्ल्यान, तिका काय झाला? नव्वदी पार केली, शेवटपर्यंत स्वतः विळीवर नारळ खवत होती. इकडे अमेरिकेत एडिसनला बसून ऑलिव्ह ऑइल पिणाऱ्यांनी आमच्या किनाऱ्याला काय खायचं ते शिकवू नये. एक जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, तेव्हा गरीब माणसाने खायचं काय, अव्होकाडो?

प्रेषक: गुहागरकर (आरोग्य समिती)

काका, ओळ समितीने लिहिली आहे आणि समितीची मीटिंग झूमवर झाली होती, लिंक सगळ्यांना गेली होती, आले किती ते मिनिट्समध्ये आहे. मंजूर झालेला मजकूर आता लिस्टवर बदलायचा असेल तर मग समिती कशाला ठेवलीय? माझं मत: ठेवा.

प्रेषक: डॉक्टर

हो किंवा नाही असं उत्तर देता येणार नाही, सॉरी. मी फक्त मसुदा तपासायला मागितला होता तो मला आलाच नाही, असो.

काकांच्या आईंचं ऐकून आनंद झाला, पण विड्या ओढून नव्वदी गाठलेलेही आपल्या प्रत्येकाच्या गावात एकदोन आहेत, त्यावरून विडी चांगली ठरत नाही. दुसरीकडे ओळ आहे तशी चूकच आहे. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड या संस्थेने जे म्हटलंय ते मिठात मुरवून टिकवलेल्या पदार्थांबद्दल, आणि तेही "बहुधा धोका वाढतो" या पातळीवर. त्यामागचे बहुतेक अभ्यास जपान, कोरिया, चीनकडचे, जिथे खारे मासे आणि खारवलेल्या भाज्या रोजच्या ताटात असतात. खूप मिठाने जठराचं अस्तर दुखावतं आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचं फावतं, असा तो मामला. मुख्य गुन्हेगार हा जंतू. १९९४ सालीच तो कॅन्सरकारक म्हणून जाहीर झाला, आणि तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. मार्शलने तर स्वतः त्याचं कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जंतूंचं द्रावण, पिऊन दाखवलं होतं. हा जंतू बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच लागतो. भारतात तो खूप जणांच्या पोटात असतो, तरी पोटाचा कॅन्सर त्या मानाने कमी, फक्त मिझोरमसारखे काही भाग सोडून. म्हणजे जंतू असला की कॅन्सर झालाच असंही नाही.

तुमच्या पत्रकात जंतू पाचव्या ओळीत आणि तंबाखू सातव्या ओळीत, दारूच्या मागे. सिगारेट-विडीने पोटाचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध आहे, मासळीपेक्षा कितीतरी पक्कं. ती ओळ पहिल्या तीनांत हवी.

प्रेषक: दापोलीची मावशी

विडीचं ठीक आहे हो डॉक्टर पण मशेरीचं काय? आमच्याकडे विडी पुरुष ओढतात, बायका सकाळी चुलीवर तंबाखू भाजून मशेरी लावतात, माझ्या आत्याची तर डबी उशाशी असायची, दात पडले तरी हिरड्यांना लावायची. पत्रक वाचणार बायका आणि तुम्ही लिहिणार विडी, मग त्या म्हणणार हे आमच्यासाठी नाहीच.

प्रेषक: डॉक्टर

मावशी, मुद्दा बरोबर. मशेरीचा सगळ्यात पक्का पुरावा तोंडाच्या कॅन्सरचा आहे, पण सोडायला सांगायला तेवढं पुरेसं आहे. ओळीत टाका.

प्रेषक: खजिनदार

विषय निघालाच आहे तर, आपल्याला रक्तातून पायलोरी तपासायचे किट निम्म्या किमतीत मिळतायत, देणगीतले पैसे तसेच पडून आहेत. सगळ्या गावाची टेस्ट करून टाकू, फोटोही चांगले येतील, देणगीदारांना दाखवायला काहीतरी हवं ना. आज ऑर्डर दिली तर पोचतील.

प्रेषक: डॉक्टर

नको. रक्तातली अँटिबॉडी जंतू मरून गेल्यावरही बराच काळ राहते, आत्ता आहे की आधी होता ते त्यातून कळत नाही. श्वासाची किंवा शौचाची टेस्ट करतात, तीसुद्धा लक्षणं बघून, आणि त्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. गावात अर्धे लोक सकाळी उठून पँटोप्राझोल घेतात चहाच्या आधी. आणि पॉझिटिव्ह आलेल्या दीडशे माणसांना चौदा दिवसांची अँटिबायोटिक्स कोण देणार, कोण फॉलोअप घेणार, तुम्ही एडिसनहून?

त्यापेक्षा लक्षणांची चौकट मोठ्या अक्षरात छापा: वजन आपोआप उतरणं, दोन घासांत पोट भरणं, घास अडकणं, वारंवार उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण न सापडणारा अ‍ॅनिमिया. यातलं काही असेल तर गोळीवर गोळी न घेता एंडोस्कोपीबद्दल (नळीने पोट आतून बघण्याबद्दल) विचारा. माझ्या एका नातलगाचे कितीतरी महिने "गॅस आहे" म्हणत गोळ्या खाण्यात गेले, ते इथे लिहीत नाही.

प्रेषक: खजिनदार

ठीक. मग पैशांचं काय करायचं ते कोणीतरी वेगळ्या थ्रेडमध्ये सांगा.

प्रेषक: वेंगुर्ल्याची वहिनी

मी इथे गावात आहे, तुमची वादावादी सकाळी चहाबरोबर वाचली. आत्ता स्टॉलवर जाऊन आले. काय काय विकतात ते आधी ऐका. बोंबील उत्तरेकडून, वसई-रायगडकडून येतात, दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात, नुसतं ऊन आणि वारा. जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, पसरून वाळवतात. मीठ असं काही नाहीच. खारो बांगडो वेगळा, पोट चिरून आत मीठ भरतात, पिंपात थरावर थर, मिठाला पाणी सुटतं, मग वाळवतात. हात लावला तर बोटांना पांढरे कण चिकटतात. डॉक्टर सांगतायत ते बांगड्याचं आणि खाऱ्या मोरीचं (छोट्या शार्कचं), आणि तुम्ही एका फटक्यात बिचाऱ्या जवळ्यालाही फाशी दिलीत!

गटातल्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आम्ही बांगडो रात्री पाण्यात घालतंव, पाणी ओततंव, मगे भाजतंव, ह्या लिवा ना कोणीतरी." आणि हेही म्हणाल्या की मिठातली कैरी, लोणचं, पापड, सांडगी मिरच्या तुमच्या पत्रकात कुठेच नाहीत, ते काय एडिसनला आवडतं म्हणून?

प्रेषक: देवगडवाले काका

सांडगी मिरचीला हात लावाल तर याद राखा.

प्रेषक: डॉक्टर

वहिनींनी काम केलं. भिजवून पाणी ओतल्याने मीठ बरंच कमी होतं, पूर्ण नाही, म्हणून रोज नको. सगळं मिळून दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ, साधारण एक चहाचा चमचा, त्यात डाळभाजीतलंही आलं आणि लोणचं-पापडही. ओळ अशी करा: "मिठात मुरवलेले मासे, मिठातली कैरी, लोणचं, पापड रोज नको, कधीतरी आणि थोडं. खारे मासे भिजवून, पाणी ओतून मगच करा. ताजी मासळी, भाज्या, फळं जास्त." फ्रिजचंही खरं तर लिहायला हवं, अमेरिकेत १९३० च्या दशकात पोटाच्या कॅन्सरने सगळ्यात जास्त कॅन्सरचे बळी जात होते, ताजं अन्न टिकायला लागलं, मिठाची गरज कमी झाली तसा तो घटत गेला असं मानतात. पण जागा नाही.

प्रेषक: गुहागरकर (आरोग्य समिती)

समितीची हरकत नाही, मात्र खाली "आरोग्य समिती" असं छापावं. डॉक्टरांचं नाव सल्लागार म्हणून.

प्रेषक: दापोलीची मावशी

चहा फार कढत पिण्याचं राहिलंच की! आमच्याकडे बशीत ओतून फुंकर न मारताच पितात.

प्रेषक: डॉक्टर

तो अन्ननलिकेच्या कॅन्सरचा विषय आहे, ६५ अंशांच्या वर. पुढच्या वर्षी.

प्रेषक: सेक्रेटरी

गेलं प्रिंटरला. तंबाखू-मशेरी पहिली, जंतू दुसरा, मीठ तिसरं, लक्षणांची चौकट मागे. ५०० प्रती. वहिनी, गटाला फोनवर वाचून दाखवा आणि जेवणाला माणसं किती धरायची ते विचारा, मला आकडा आज हवाय. आणि काका, सांडगी मिरची छापली नाहीये.