आठवीला अ-१, नववीच्या पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ७

सातपूरची आई
नमस्कार. मी नाशिकला अशोकनगरमध्ये राहते, घरी ब्लाउज शिवणं आणि फॉल-पिको करते. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. लेक मनपाच्या शाळेत होती. ती शाळा आठवीपर्यंतच, म्हणून जूनमध्ये तिला अनुदानित हायस्कूलला घातलं. सिटीलिंकच्या बसने जाते-येते.

प्रगतिपुस्तकात गणिताला तिला कायम अ-१, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. एनएमएमएसच्या, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या, यादीतही नाव आलं, त्या दिवशी आम्ही गल्लीत पेढे वाटले. आता पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ७. पेपर तिने दाखवलाच नाही. डबा घासायला काढला तेव्हा पिशवीच्या तळाशी चार घड्या घातलेला सापडला, भाजीच्या तेलाने कोपरा पिवळा झालेला.

विचारलं तर म्हणाली, "मम्मी, त्या अ-१ बाईंनी मायेने दिल्या होत्या का गं?" मला काही बोलताच आलं नाही. पेपर वाटताना सरांनी सगळ्यांदेखत म्हटलं म्हणे, "मनपाच्या पोरांचा पायाच कच्चा." तेव्हापासून दोन-तीन मुली तिला "मनपावाली" म्हणतात. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते. मार्कांपेक्षा हे मला जास्त लागलंय.

श्रेणी खोटी होती का? शिष्यवृत्ती बंद होईल का? क्लासची फी आम्हाला झेपणारी नाही.

पंचवटीचे गुरुजी
ताई, मी ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीचशी नववी-दहावीला. श्रेणी खोटी नव्हती. सातवी-आठवीला शंभरातले ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात, म्हणजे तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. ६० गुण संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. दोन्ही मिळून ९१ किंवा त्याहून जास्त झाले की अ-१. तुमची मुलगी वर्षभर वर्गात हात वर करत होती, वह्या पूर्ण ठेवत होती, त्याची ती नोंद आहे. नववीच्या चाचणीत मात्र तासाभरात जे कागदावर उतरतं तेवढंच मोजतात. ही सवय वेगळी आहे आणि ती लागते, पण पहिल्या दोन महिन्यांत नाही. बाहेरून आलेल्या मुलांचं दिवाळीपर्यंत असंच होतं, हे मी दरवर्षी पाहिलंय.

आता एक करा. तो पेपर तिच्या शेजारी बसून उघडा. मार्क बघू नका, प्रत्येक गणितात मार्क कुठल्या ओळीला गेले ते बघा. गणित येतच नाही की येतं पण लिहिलं नाही, ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मग इथे सांगा.

आणि त्या शिक्षकांना भेटाच. भांडायला नको, पण "माझ्या मुलीला वर्गासमोर असं म्हणू नका" हे स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे. माझ्याही तोंडून तरुणपणी असं बोलून गेलंय. एका मुलाने त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला मान वर केली नाही, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

देवळाली गावचा
शिष्यवृत्तीचं सांगतो, माझ्या भावाला मिळायची. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. घटक चाचणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. नववीतून दहावीत पहिल्याच फटक्यात पास व्हायला हवं, आणि अकरावीला चालू राहायला दहावीत ६० टक्के (एससी-एसटीला ५ टक्के सूट). पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, तो विसरला की पैसे अडकतात. शाळेत आत्ताच विचारून ठेवा.

मनपाचीच मी
काकू, मीपण मनपा शाळेतून आठवी करून दुसरीकडे गेले. मलाही हेच ऐकायला लागायचं. आता पॉलिटेक्निकला आहे. तिला म्हणा, मधल्या सुट्टीत एकटी बसू नको. माझ्या वर्गात एक मुलगी अशीच कोपऱ्यात डबा खायची, मीच जाऊन तिच्याजवळ बसले. पुढे दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर.

सातपूरची आई
गुरुजी, काल रात्री मशीन बंद करून आम्ही दोघी पेपर घेऊन बसलो. छेदाचं परिमेयीकरण करा (म्हणजे खालची वर्गमुळं घालवा), १ / (√७ + √२). तिने सरळ (√७ − √२) / ५ लिहून दिलंय. उत्तर बरोबर, तरी ३ पैकी १. म्हटलं, हे केलंस कसं? तर तोंडी सांगितलं, अनुबद्ध जोडीने, म्हणजे मधलं चिन्ह बदलून √७ − √२ ने, वर-खाली गुणायचं, खाली ७ उणे २ राहतात. "मग लिहिलं का नाहीस?" तर म्हणे, "बाई तोंडी विचारायच्या, मी सांगायचे, झालं." अशी तीन गणितं निघाली. संचाच्या प्रश्नात महिरपी कंसच घातला नाही, तिथेही मार्क गेले. खरंच न आलेलं एकच निघालं.

सरांना शनिवारी भेटायला जाणार आहे. मिस्टरांची तेव्हा सेकंड शिफ्ट आहे, सकाळी तेही येतील.

पंचवटीचे गुरुजी
मग ती मुलगी पक्की आहे. रोज दोनच गणितं, पण प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, शेजारी कारण लिहून. आणि तिने ती तुम्हाला समजावून सांगायची. तुम्ही ब्लाउज बेतताना माप कागदावर उतरवता ना, तसंच हे आहे म्हणावं. न आलेलं गणित इथे टाका, आज रात्रीच सोडवून देतो.